किरणास्त्र

आमच्या घरात सकाळी आधी ग्राइंडर ओरडायचा आणि मग आई. ग्राइंडर आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. बेदाण्याच्या शेडला लागून पत्र्याची एक खोली होती. तिला आप्पा 'वर्कशॉप' म्हणत आणि आई 'ती खोली' म्हणे. आप्पा फौजेतून हवालदार होऊन परतलेले. तिकडे त्यांचं काम लढायचं नव्हतं, बिघडलेली हत्यारं दुरुस्त करायचं होतं. गावी आल्यावर बंदुका कुठून मिळणार, म्हणून ते द्राक्षबागांचे फवारणी पंप दुरुस्त करायला लागले. पंपाकडेही ते बंदुकीकडे बघावं तसं एक डोळा मिटून बघत. बोलणं अगदी कमी. 'खाना', 'ठीक', 'बाद में' एवढ्यावर त्यांचा दिवस निघे, आणि उरलेल्या दिवसभराचं आई बोले. आई सातारा शहरातली. तासगावच्या बाजूला इतकी वर्षं राहूनही तिने 'आहे'चं 'हाय' होऊ दिलं नव्हतं. "अख्ख्या गावाचे पंप बरे होतात, माझ्या मिक्सरचं भांडं गळतंय ते तेवढं दिसत नाही," असं ती ग्राइंडरच्या वरच्या पट्टीत सांगायची. आप्पा ग्राइंडर बंद करून शांतपणे विचारायचे, "क्या?" आणि ती म्हणायची, "काही नाही."

मी त्यांची एकुलती एक मुलगी, किरण. दहावीत होते आणि वर्गातल्या सगळ्या पोरांपेक्षा वीतभर उंच. द्राक्षांचे भरलेले क्रेट एकावर एक ठेवून मी सहज उचलायची. ते करताना मला फार बरं वाटायचं, पण आई आजूबाजूला बघून म्हणायची, "किरण, एकेक उचल. लोक बघतात." लोक बघतात हे खरंच होतं. गावातल्या बायका आईला विचारत, "पोरगी किती वाढणार हाय अजून?" जणू मला पाणी सोडणाऱ्या मोटारीचं बटण आईच्याच हातात होतं. या सगळ्यामुळे मी जरा पोक काढून चालायला शिकले होते. आता या वयात पोक आपोआपच आलं आहे. तेव्हा फुकट मेहनत केली असं वाटतं.

आमच्या गावात नवरात्राचं मंडळ होतं आणि दर वर्षी ते जिवंत देखावा करायचं. माझ्या नातीला जिवंत देखावा समजावून सांगताना माझी दमछाक झाली, म्हणून इथे लिहूनच ठेवते. स्टेजवर खरी माणसं उभी राहतात, पण बोलत नाहीत. बोलणं आधीच रेकॉर्ड करून ठेवलेलं असतं. ते स्पीकरवर लागतं आणि माणसं नुसते ओठ हलवतात, हात उगारतात, मरून पडतात. नात म्हणाली, "मग माणसं कशाला पाहिजेत?" हा प्रश्न आमच्या मंडळात कुणाला पडला नव्हता. आमच्याकडे दर वर्षी देवी राक्षसाला मारायची. राक्षस तोच असायचा, कारण त्याच्या अंगावर बसेल असा काळा झगा एकच होता.

त्या वर्षी मंडळाचे अध्यक्ष बाळूतात्या यांनी जाहीर केलं की आपण सायन्स करायचं. शेजारच्या गावाने आदल्या वर्षी ड्रोनमधून फुलं टाकली होती आणि सांगलीचे परीक्षक माना वर करून बघत राहिले होते, ते तात्यांना लागलं होतं. "आवं, आता राक्षस कोण बघतंय? परग्रह पायजे, परग्रह," तात्या आईला म्हणाले, कारण परग्रह आईच्या माहेरीच मिळण्यासारखा होता. साताऱ्याचा अरुणमामा शाळेत मराठी शिकवायचा आणि नाटकं लिहायचा. त्याची नाटकं फार गंभीर असत. त्यात शेवटी बहुतेक सगळे मरत आणि मेलेले सोडून बाकीचे रडत. मामाने चार दिवसांची रजा टाकून आमच्याकडे बसून देखावा लिहिला. नाव, 'मंगळावरचा शेवटचा वेल'. सन तीन हजारमध्ये मराठी माणूस मंगळावर द्राक्षबागा लावतो. शुक्रावरचे लोक पाणी चोरायला येतात. सेनापती विक्रांत त्यांच्याशी झुंजतो, जिंकतो आणि वेलाखाली प्राण सोडतो. मामा वाचताना स्वतःच गहिवरला. आईने त्याला साबुदाण्याची खिचडी दिली, तेव्हा तो म्हणाला, "ताई, आत्ता नको." मग पाच मिनिटांनी त्याने सगळी खाल्ली.

भूमिका वाटल्या. सेनापती विक्रांत म्हणजे तात्यांचा पुतण्या विशाल. विशाल दिसायला देखणा होता आणि त्याला नुकती मिशी फुटली होती, ती त्याने हात लावून लावून सगळ्यांना दाखवली होती. मला खरं तर सेनापती व्हायचं होतं. का ते सांगता येणार नाही, पण मामा वाचत होता तेव्हा मी मनातल्या मनात प्रत्येक वेळी तलवार उपसत होते. मी धीर करून म्हटलं, "मी सेनापती होऊ का?" सगळे हसले. तात्यांनी प्रेमाने सांगितलं, "तू वेल हो. तुझं हात वर लय उंच जात्यात." तर मी वेल झाले. अंगाला पानं बांधून, दोन्ही हात वर करून, शेवटपर्यंत उभं राहायचं. आईला ही भूमिका पसंत पडली, कारण पानांत मी बरीचशी झाकली जाणार होते.

राहिलं सेनापतीचं हत्यार. मामाने ते लिहून ठेवलं होतं, पण त्याला साताऱ्याला परत जायचं होतं. त्याने जाताना एसटीतूनच त्या पानाचा फोटो काढून आप्पांना पाठवला. तेव्हा असे फोटो मोबाईलवर पाठवायचे आणि मोबाईल सतत हातात धरून हिंडायचं, त्यातच आमचा एक हात कायम अडकलेला असे. फोटोतला मजकूर मला अजून पाठ आहे. 'किरणास्त्र. मंगळावरील योद्ध्याचे सर्वसंहारक आयुध. यात खड्ग, परशू, पाश, ढाल, शंख व अग्निबाण यांचा अपूर्व संगम असावा. हे आयुध' आणि तिथे पान संपत होतं. पुढच्या पानावर 'पुठ्ठ्याचे व वजनाला हलके करावे' असं होतं. त्या पानाचा फोटो काढण्याआधी मामाला शेजारच्या सीटवर ओळखीचे कुणीतरी भेटले.

आप्पांनी तो फोटो मोठा करून, सरकवून सरकवून वाचला आणि म्हणाले, "ठीक." दुसऱ्या दिवसापासून ते घरोघर हिंडून सामान मागू लागले. लोक द्यायला नाही म्हणेनात, कारण सगळ्यांचे पंप त्यांच्या हाताखालून गेलेले. गावात सगळ्यांत म्हाताऱ्या गंगूआक्का, त्यांनी उसाचा कोयता दिला, तो झाला खड्ग. कुणी छाटणीची मोठी कात्री दिली, कुणी विहिरीत पडलेली कळशी काढायचा गळ दिला, तो पाश. ट्रॅक्टरचा मागचा लाल दिवा आला. पाठीवर बांधायचा बॅटरीचा फवारणी पंप आला. ढाल आणि शंख मात्र घरातच मिळाले. एक दिवस आई डाळ शिजवायला गेली तर कुकर होता, झाकण नव्हतं. ती तरातरा वर्कशॉपमध्ये गेली. मी मागून गेले. झाकण एका बिजागरीवर बसलेलं होतं आणि आप्पा पंपाची हवा सोडून शिटी वाजवून बघत होते. "हा शंख आहे?" आईने विचारलं. आप्पा म्हणाले, "ढाल बी तीच." आईने झाकण एकदा उघडून मिटून बघितलं. मग म्हणाली, "शिटी जरा आधी वाजायला हवी." त्या दिवशी आम्ही वरीचा भात आणि शेंगदाण्याची आमटी खाल्ली, आणि नंतर नवरात्रभर तेच.

मला आप्पा मधूनच हाक मारायचे. "हात लांब कर. मूठ आवळ. आता खांद्यावर घे." मी नळी धरून उभी राहायची आणि ते टेप लावून माप घ्यायचे, खडूने खूण करायचे. कधी माझ्या हातात भरलेला क्रेट देऊन किती वेळ धरते ते नुसतं बघत उभे राहायचे. मला वाटायचं की त्यांना स्टँड म्हणून कुणीतरी लागतंय. वेलाची प्रॅक्टिस होते म्हणून मीही तक्रार केली नाही.

तालीम आमच्या बेदाण्याच्या शेडमध्ये व्हायची. तेव्हा छाटणीचे दिवस, शेड रिकामी, पण तिच्या जाळ्यांना वर्षभर गोडसर, करपट वास येत असे. तो वास मला आजही कुठे आला तर मी आपोआप हात वर करते. तालमीला मामा पुन्हा साताऱ्याहून आला होता. आप्पा ते हत्यार घेऊन आले, तेव्हा सगळे हातातलं टाकून भोवती गोळा झाले. पाठीवर पंप, खांद्यावरून येणारी लांब नळी, तिच्या टोकाला म्यानात मिटलेला कोयता, खाली कात्रीचा जबडा, बाजूला गळाची दोरी, आणि मुठीजवळ एक खटका. खटका दाबला की कोयता बाहेर यायचा, झाकण फटकन उघडायचं, लाल दिवा लागायचा, शिटी वाजायची आणि पाण्याचा फवारा उडायचा, सगळं एका दमात. शुक्रावरच्या लोकांनी, म्हणजे चांदीचा कागद गुंडाळलेल्या पोरांनी, न सांगता माघार घेतली.

विशालने ते पाठीला लावलं आणि तो खाली बसला. बसला म्हणजे त्याला बसायचं नव्हतं. दोघांनी धरून उभा केला, तर मूठ त्याच्या हातात मावेना आणि खटक्यापर्यंत बोट पोचेना. मामा म्हणाला, "भावजी, हे पुठ्ठ्याचं करायचं होतं हो." आप्पा म्हणाले, "पुठ्ठ्याचं हत्यार नसतं." मग त्यांनी मला बोलावलं. मी पानांसकट पुढे गेले. त्यांनी पट्टे माझ्या खांद्यावर चढवले, आणि मूठ माझ्या हातात आली. ती मूठ अशी बसली की मला आधी काही कळलंच नाही. मी नळी उचलली, डोक्यावर धरली, बाजूला फिरवली. जड होतं, पण उचलता येत होतं.

"विशालच्या मापाचं का नाही केलं?" तात्यांनी विचारलं.

"त्यात लिवलंय की. किरणास्त्र. किरणचं अस्त्र," आप्पा म्हणाले. "मग दुसऱ्याच्या मापाचं कसं करू?"

मामाने कपाळाला हात लावला. मग तो मराठीचा शिक्षक असल्यामुळे त्याने किरण म्हणजे प्रकाशाची रेषा, तिचे अस्त्र ते किरणास्त्र, असा समास सोडवून दाखवला. शेड हसून लोटपोट झाली. आप्पा हसले नाहीत. त्यांनी माझ्या पाठीवरचे पट्टे सोडले, हत्यार भिंतीला टेकवलं आणि फक्त विचारलं, "म्हंजे ही सेनापती न्हाई?" मीच म्हटलं, "आप्पा, मी वेल हाय." ते माझ्याकडे बघत राहिले, आणि माझ्या अंगावरची पानं हलायला लागली. शेवटी असं ठरलं की हत्यार चाकांच्या स्टँडवर ठेवायचं आणि विशालने त्याला नुसता हात लावून उभं राहायचं.

परीक्षक यायचे होते ते खंडेनवमीच्या संध्याकाळी. खंडेनवमीला आमच्याकडे घरातली सगळी अवजारं धुऊन पुसून पुजतात, हे मंडळात प्रत्येकाला माहीत होतं, आणि तरीही ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. सकाळी बायका आमच्या दारात हजर. "आमचा कोयता द्या." "आमची कात्री द्या, पूजा खोळंबलीया." आप्पा म्हणाले, "सगळं वेल्ड हाय. सुटायचं न्हाई." थोडा आरडाओरडा झाला. मग आईनेच तोड काढली. अंगणात पाट मांडून किरणास्त्र त्यावर ठेवलं आणि प्रत्येक घराने आपापल्या तुकड्याला हळदकुंकू लावायचं. बायकांनी मनापासून पूजा केली. झेंडूच्या माळा घातल्या. पंपाचं झाकण उघडं दिसलं, तेव्हा गंगूआक्का म्हणाल्या, "तोंड हाय, म्हंजे घास दिला पायजे," आणि त्यांनी त्यात हळदकुंकू वाहून वाटीभर पंचामृत ओतलं. मग मागे कशाला राहायचं म्हणून बाकीच्यांनीही ओतलं.

दुपारी तात्या हत्यार न्यायला आले तर गंगूआक्का पाटाशेजारी मांडी घालून बसलेल्या. "पुजलेलं हत्यार दसरा उजाडेस्तोवर कामाला घ्यायचं न्हाई," त्या म्हणाल्या. तात्या गयावया करू लागले. सांगलीहून परीक्षक निघाले होते. आक्कांनी बराच विचार केला आणि निवाडा दिला, "ज्याचं हत्यार त्यानं सोता उचललं तर चालतंय. दुसऱ्यानं हात लावायचा न्हाई."

झालं. हत्यार कुणाचं यावरून अंगणात जुंपली. कोयतावाले म्हणाले मुख्य पातं आमचं. पंपवाले म्हणाले पंपाशिवाय ते नुसतं भंगार आहे. आई एवढंच म्हणाली की कुकरचं झाकण तिचं आहे हे कुणी विसरू नये. तात्यांनी मंडळाच्या मालकीचा मुद्दा काढला, तेव्हा सगळी घरं एक होऊन तात्यांवर तुटून पडली. हे सगळं चाललेलं असताना आप्पा पुढे झाले आणि वाकून मुठीखालची झेंडूची माळ त्यांनी बाजूला केली. लोखंडावर ठशांनी अक्षरं ठोकलेली होती. किरण.

"नाव ठोकल्याबिगर आमी हत्यार कुणाच्या हातात देत नव्हतो," आप्पा म्हणाले. "ज्याचं नाव, त्याचं हत्यार. पलटणीत ह्यावर भांडण न्हाई व्हायचं."

आक्कांना वाचता येत नव्हतं. त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "मग उचल की गं पोरी."

अशी मी सेनापती झाले आणि विशाल वेल झाला. माझी पानं त्याला लांब झाली, ती घोट्याशी लोळत होती. त्याहून मोठी अडचण म्हणजे आवाज आधीच रेकॉर्ड झालेला होता, आणि सेनापतीचा आवाज खुद्द मामाने दिला होता. बदलायला वेळ नव्हता. मैदान भरलं. पुढे खुर्च्यांवर सांगलीचे तीन परीक्षक, तिघेही पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. पडदा उघडला, मी पुढे आले आणि स्पीकरमधून मामाचा खर्ज घुमला, "मी सेनापती विक्रांत! या मिशीच्या पिळाची शपथ घेऊन सांगतो..." मी काय करणार, ओठ हलवत मिशी नसलेल्या जागी हात नेला. मैदानात हशा उसळला. मामा पुढे बोलत होता, "माझी पत्नी माझी वाट पाहत असेल," आणि लोक खुर्च्यांवरून खाली घसरत होते. मी पोक काढायला लागले. ते हत्यार खाली ठेवून घरी पळून जावं, पुन्हा जन्मात हात वर करू नये, असं मला झालं.

आणि लाईट गेली. मामाचा आवाज दुसऱ्या 'पत्नी'वर तुटला. अंधारात थोडी कुजबुज झाली, कुणीतरी जनरेटर बघायला धावलं. मग एकेक करत लोकांचे मोबाईल पेटले आणि सगळा उजेड माझ्यावर आला. मला कुणी दिसत नव्हतं. स्टेजच्या डाव्या बाजूने, अगदी जवळून, आप्पांचा आवाज आला.

"बोल की आता. कोण हायस ते सांग."

"मी किरण," मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "हितली सेनापती मी हाय." पुढचं काही मला पाठ नव्हतं, म्हणून बागेत शिरलेल्या गुरांना हाकलताना जे तोंडात येतं तेच आलं. "निघा हितनं. बाग आमची हाय, पाणी आमचं हाय. वेलाला हात लावला तर एकेकाला सोलून काढीन." मी ताठ उभी राहिले, नळी डोक्यावर नेली आणि खटका दाबला. कोयता सुटला, झाकण फटकन उघडलं, शिटीने मैदान हादरलं. पंचामृताने नळी तुंबली होती, ती आधी गुरगुरली, आणि मग एकदम मोकळी झाली. दही, तूप, मध आणि हळदकुंकवाचा फवारा शुक्रावरच्या लोकांच्या डोक्यावरून थेट पहिल्या रांगेत गेला. विशालने हात खाली घेतले आणि वेल मंगळावरून पळून गेला. तिन्ही परीक्षक गुलाबी झाले होते. त्यातल्या एकाने ओठावरचं चाखून बघितलं आणि शेजाऱ्याला म्हणाला, "प्रसाद आहे." मैदान उभं राहिलं. टाळ्या वाजवताना लोकांचे मोबाईल हलत होते आणि उजेड सगळीकडे नाचत होता.

आम्हाला उत्कृष्ट विनोदी देखाव्याचं पहिलं बक्षीस मिळालं. मामाने ते घ्यायला नकार दिला. "ही शोकांतिका होती," तो कितीतरी वर्षं सांगत असे, आणि ते ऐकून लोक पुन्हा हसत.

आई बायकांबरोबर पुढे गेली. आक्कांचा हुकूम होता, म्हणून हत्यार घरापर्यंत मलाच न्यायचं होतं. आप्पा माझ्या पुढे चालत होते, मोबाईलचा उजेड माझ्या पायांपुढे पडावा म्हणून हात मागे धरून. मग मागे न बघता म्हणाले, "मामानं पान धाडलं तवा त्यात सेनापती कोण ते लिवलंच नव्हतं. मी बी इचारलं न्हाई. तुझ्याबिगर दुसरं कुणी आसंल, ह्ये मनातच आलं न्हाई."

आप्पा एका दमात एवढं त्याआधी कधी बोलल्याचं मला आठवत नाही. मला रडू आलं, आणि दोन्ही हात गुंतलेले असल्यामुळे डोळे पुसता येईनात. त्यांनी ते न बघताच ओळखलं असावं, कारण त्यांनी विचारलं, "जड झालं का? दे हिकडं."

"न्हाई," मी म्हटलं. "माझं हाय. मीच नेते."